स्क्रबच्या वड्या, पाच हजार बॉक्स आणि ‘एफडीसारखी’ पॉलिसी

प्रश्न: मी चिपळूणला राहते. दोन वर्षांपासून घरी सोप बेस (तयार साबणाची लादी) वितळवून साखरेच्या स्क्रब वड्या करते. चार वड्यांचा १६० ग्रॅमचा बॉक्स १८० रुपयांना विकते. खर्च ५५ येतो, म्हणजे १२५ सुटतात. गेल्या दिवाळीत प्रदर्शनांत १४० बॉक्स गेले, एरवी महिन्याला वीसेक जातात. महिन्याला ३०० केले तर वर्षाला साडेचार लाख होतील. त्यासाठी आमच्या ३ लाखांच्या एफडीतले दीड लाख काढू का? यादी अशी: सोप बेस १०० किलो १८,००० (आत्ता किरकोळीत २४० रुपये किलोने घेते), छापील बॉक्स ५,००० नग ७५,०००, सुगंध ५ किलो १२,५००, श्रिंक मशीन (प्लास्टिकचं वेष्टन गरम करून घट्ट बसवणारं) ३०,०००, सिलिकॉनचे साचे १४,५००. बॉक्सवाल्याला ५,००० ॲडव्हान्स दिलाय. पावसाळ्यात वड्यांना पाणी सुटतं आणि साखर विरघळते, म्हणून यंदा भारीतला बेस घेणार आहे. उद्यम नोंदणी झाली आहे. मिस्टर लोट्याला कंपनीत आहेत, पगार ५५,०००, घराच्या हप्त्यासकट खर्च ४५,०००. त्यांना कंपनीचा विमा आहे. गेल्या वर्षी बँकेतून माझ्या नावे एफडीसारखी दुप्पट होणारी योजना घेतली आहे: वर्षाला ६०,००० असे दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी १२ लाख. दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, तो वड्यांच्या नफ्यातून भरीन म्हणते.

उत्तर: ताई, एफडी मोडू नका. त्याचा हिशेब खाली देतो, पण आधी तुमच्या पत्राचा शेवट घेऊ. दीड लाखांबद्दल तुम्ही विचारताय आणि पुढे भरायच्या ५ लाख ४० हजारांचा उल्लेख जाता जाता करून मोकळ्या झालात.

‘एफडीसारखी’ असं काही नसतं. ही आयुर्विम्याची एंडोमेंट पॉलिसी आहे, म्हणजे विमा आणि बचत एकत्र. दुप्पट होणार हे खरं, पण किती वर्षांत ते बघा. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, दहावा अकरा वर्षं. सरासरी साडेपंधरा वर्षांत दुप्पट. ७२ ला दुप्पट व्हायच्या वर्षांनी भागलं की वर्षाचा परतावा अंदाजे कळतो. साडेपंधराने भागा, परतावा येतो साडेचार टक्क्यांच्या आसपास. हेच ६०,००० दहा वर्षं पीपीएफमध्ये भरून वीस वर्षांपर्यंत ठेवले तर आजच्या ७.१ टक्क्यांनी साडेसतरा लाखांच्या वर जातात. दर सरकार बदलू शकतं, हे धरूनही फरक फार मोठा आहे. काउंटरच्या पलीकडच्या माणसाने हा भागाकार तुम्हाला करून दाखवला नाही, कारण त्याचं टार्गेट पॉलिसीचं होतं.

‘पण एक हप्ता गेलाय ना’ हे मनात येणारच. तो हप्ता बाजूला ठेवा, एक पैसाही परत मिळत नाही असं धरा. उरलेले नऊ हप्ते भरलेत तर १२ लाख. तेच नऊ पीपीएफमध्ये टाकून तितकीच वर्षं ठेवलेत तर सव्वापंधरा लाखांच्या पुढे. म्हणजे पहिले साठ हजार बुडाले तरी पॉलिसी सोडणंच स्वस्त पडतं. आणि ते सगळे बुडतीलच असंही नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार पूर्ण वर्षाचा एक हप्ता भरलेला असेल तर पहिलं पॉलिसी वर्ष संपल्यावर स्पेशल सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर मिळणारी रक्कम, द्यावी लागते. तुमची पॉलिसी त्यानंतरची आहे. रक्कम तोंडी विचारू नका. विमा कंपनीला ईमेल करा, पॉलिसी क्रमांक घाला, दोन आकडे लेखी मागा: पहिलं वर्ष संपल्यावर सरेंडर केलं तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर मुदतीअखेर किती. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांचा ग्रेस असतो, तेव्हा पुढच्या महिन्याच्या तारखेने घाबरून जाऊ नका. बँकेतून फोन येतील, ‘मॅडम, एवढा एक हप्ता भरा, मग बघू.’ भरू नका.

कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, ती मुदत तुमची केव्हाच संपली. ‘एफडी’ म्हणून विकल्याचा व्हॉट्सॲप मेसेज किंवा त्यांच्या हस्ताक्षरातला कागद असेल तर मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. नुसत्या तोंडी आश्वासनावर ही लढाई अवघड आहे, कारण बेनिफिट इलस्ट्रेशनवर (किती भराल, किती मिळेल याच्या तक्त्यावर) तुमची सही असणार आणि व्हेरिफिकेशनच्या फोनवर तुम्ही ‘हो, हो’ म्हटलेलं असणार.

त्यातही विमा कोणाचा उतरवलाय? तुमचा, सहा लाखांच्या आसपास. घर चालतं ५५,००० च्या पगारावर, आणि तो आणणाऱ्या माणसाला फक्त कंपनीचं कव्हर आहे, जे नोकरीबरोबर जातं. त्यांच्या नावे एक कोटीचा साठीपर्यंतचा टर्म प्लॅन, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, घ्या. चाळिशीतल्या, तंबाखू-सिगारेट नसलेल्या माणसाला वर्षाला वीस-पंचवीस हजार पडतील. ‘पैसे परत मिळणारा’ टर्म प्लॅन दाखवतील, तो नको. टर्म हातात आल्याशिवाय पॉलिसी सरेंडर करू नका. पुढे ६०,००० मधून उरतील ते पीपीएफमध्ये जाऊ देत.

आता वड्या. १२५ रुपये सुटतात हे खरं नाही. तुमचा ५५ चा आकडा मात्र चोख आहे. एक किलोच्या घाण्याला बेस ३०० ग्रॅम, खोबरेल १०० ग्रॅम, साखर ६०० ग्रॅम, सुगंध १० ग्रॅम, चिमूटभर रंग. माल १७० रुपयांचा, त्यात सहा बॉक्स, म्हणजे बॉक्सला २८. पॅकिंग २७. पण प्रदर्शनात भाडं आणि कमिशन मिळून वीस टक्के जातात, ते ३६. दहातला एक घाणा बिघडतो, ते ६. गॅस, पिशवी, येणं-जाणं ८. राहिले ७५. एका घाण्याला वितळवण्यापासून लेबल चिकटवण्यापर्यंत दोन तास धरले तर साडेचारशे रुपये. तासाला सव्वादोनशे काही वाईट नाहीत. धंदा चांगला आहे, लहान आहे इतकंच.

किती लहान ते बघा. दिवाळीचे १४० आणि बाकीचे अकरा महिने वीस, मिळून ३६० बॉक्स, २७,००० रुपये. यातून ६०,००० चा हप्ता कसा भरणार होतात? एका बॉक्सला बेस लागतो ४८ ग्रॅम. शंभर किलोत दोन हजारांवर बॉक्स होतात, म्हणजे तुमच्या आजच्या खपाने जवळजवळ सहा वर्षं. बेस इतका टिकत नाही. उघडी लादी कोकणात ओल ओढते आणि वास उडतो. पाच हजार बॉक्स तर चौदा वर्षं पुरतील. आणि हे सगळं कशासाठी? घाऊक बेसने बॉक्सला तीन रुपये वाचतात, घाऊक खोक्याने तीन. सहा गुणिले ३६०, वर्षाला २,१६० रुपये. दीड लाखांवर दीड टक्काही पडत नाही. एफडी तिथे पडल्या पडल्या नऊ-दहा हजार देते. शिवाय ३ लाख म्हणजे तुमच्या घराचा साडेसहा महिन्यांचा खर्च. दुसरी शिल्लक पत्रात दिसत नाही, तेव्हा तो आपत्कालीन निधी आहे. महिन्याला ३०० बॉक्स ‘करायचे’ ठरवता येतात. विकले जातील की नाही ते गिऱ्हाईक ठरवतं.

पाणी सुटण्याचा दोष बेसच्या किमतीत नाही. बेसमध्ये ग्लिसरीन असतं, ते हवेतली ओल खेचतं, साखरही खेचते. जुलैत चिपळूणच्या हवेत वडी रात्रभर ताटात उघडी ठेवली की घाम येणारच. महागड्या पारदर्शक बेसमध्ये ग्लिसरीन अधिक असेल तर हाल आणखी वाढतील. साखर विरघळते ती मात्र तुमच्या हातून. बेसमध्ये पाणी असतं, आणि गरम बेसमध्ये साखर घातली की पाक होतो. पातेल्यात पातेलं ठेवून बेस ६५ अंशांपर्यंत वितळवा, उकळू देऊ नका. उतरवून तेल घाला, मग सुगंध. पन्नास-बावन्न अंशांवर आलं की साखर एकदम ओता आणि भराभर हलवा. पंचेचाळीसच्या खाली बेसवर साय धरते आणि साच्यात पोकळ्या राहतात. साचा आपटून, बोटांनी दाबून भरा. दीड-दोन तासांत सुटली की लगेच गुंडाळा, उद्यावर नको. त्यासाठी तीस हजारांचं मशीन लागत नाही. श्रिंक पिशव्या आणि बारा-पंधराशेची हीट गन पुरते.

साखर बारीक दाण्याची, एस-३०, घ्या, मध्यम एम-३० चा दाणा अंगाला टोचतो. मिक्सरमधून काढू नका. पिठी झाली की ती आधी विरघळते आणि वडी दगड होते. सातशे ग्रॅमवर गेलात तर वडी भुगा होते, तेल दीडशेवर गेलं तर ती बसतच नाही आणि फेस मरतो. कुंडीतली ताजी कोरफड, दूध, लिंबू घालायचा मोह आवरा, बुरशी तिथूनच येते. लेबलवर दोन सूचना हव्यात: ओला हात बॉक्समध्ये घालू नये, आणि तेलाने न्हाणीघराची फरशी निसरडी होते.

लेबलवरून आठवलं, उद्यम नोंदणी म्हणजे परवाना नव्हे. अंगाला लावायची वस्तू विकण्यासाठी बनवली की ती सौंदर्यप्रसाधन ठरते आणि कॉस्मेटिक्स रूल्स २०२० खाली उत्पादनाचा परवाना लागतो. घरात केलं म्हणून सूट नाही. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देतं. त्यासाठी वेगळी जागा आणि पात्र तांत्रिक माणूस दाखवावा लागतो, स्वयंपाकघर चालत नाही. तुमच्या आकाराच्या धंद्याला दुसऱ्या परवानाधारक कारखान्यात आपला माल बनवून घ्यायचा ‘लोन लायसन्स’ हा मार्ग परवडण्याजोगा. त्यांचा दर काढा, तो ५५ मध्ये मिळवा आणि १८० ला विकून काय उरतं ते पुन्हा मांडा. कदाचित किंमत २२० करावी लागेल. हे ठरेपर्यंत प्रदर्शनांचं नवं बुकिंग घेऊ नका. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत, घटकांची यादी हे सगळं वेष्टनावर यावं लागतं. तुमच्या पाच हजार बॉक्सवर यातला परवाना क्रमांक कुठून छापणार होतात?

तूर्त खर्च इतकाच: स्वयंपाकाचा थर्मामीटर चारशे, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा सहाशे, चार साचे बाराशे, हीट गन. सगळं मिळून साडेतीन-चार हजार, आणि तेही दिवाळीच्या गल्ल्यातून. बॉक्सवाल्याला आजच फोन करा. छपाई सुरू झाली नसेल तर ऑर्डर थांबवा आणि ॲडव्हान्स परत मागा. तो देत नसेल तर त्याच ५,००० चे कोरे पांढरे बॉक्स घ्या, वर स्टिकर लावता येतो.