टाकीतल्या अन्नद्रव्यांचा ताळेबंद

बेसिल किंवा पुदिना मातीविना वाढवताना अन्नद्रव्यांचे प्रारूप (कोणते द्रव्य किती उरेल याचा गणिती अंदाज) तयार करायचे असेल, तर सुरुवात साध्या ताळेबंदापासून करावी: टाकीत आधी असलेल्या नत्रात तुम्ही घातलेले नत्र मिळवा आणि रोपांनी शोषलेले वजा करा. हा हिशेब प्रति लिटर प्रमाणात न ठेवता एकूण मिलिग्रॅममध्येच ठेवावा, कारण पाणी आणि क्षार एकाच गतीने कमी होत नाहीत. समजा, 20 लिटर द्रावणात प्रति लिटर 150 मिलिग्रॅम नत्र होते आणि आठवड्याने उरलेल्या 16 लिटरमध्ये ते प्रति लिटर 160 भरले. प्रमाण वाढलेले दिसते, पण प्रत्यक्षात 440 मिलिग्रॅम नत्र रोपांनी उचललेले असते.

ईसी मीटरवर, म्हणजे द्रावणाची विद्युतवाहकता मोजणाऱ्या उपकरणावर, फार विसंबू नका. तो क्षारांची एकूण पातळी दाखवतो, त्यात कोणता घटक किती आहे हे नाही. मुळे नायट्रेट, फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने घेतात, तर कॅल्शियम आणि सल्फेट मागे साचत जातात. त्यामुळे आकडा स्थिर असतानाही पोटॅशियम संपत आलेले असू शकते. मीटर तापमानाची दुरुस्ती करतो ना, तेही पाहा. दर अंशाला सुमारे 2 टक्के फरक पडतो.

शोषणाची अवघड समीकरणे नवख्याला मोहात पाडतात. माझ्या मते, पहिल्या पिकापुरता रोपांनी ओढलेल्या पाण्याशी जोडलेला प्रत्येक घटकाचा एकेक गुणांक (दर लिटर पाण्यामागे किती मिलिग्रॅम) पुरे आहे. मात्र भर घालण्याचे पाणी जड असेल, तर त्यातले कॅल्शियम जमेच्या बाजूला अवश्य धरा.