वर्ल्ड कपमधून थेट सॉल्ट लेकच्या मैदानात

प्रश्न: सर, आमच्या तालमीच्या कट्ट्यावर पैज लागलीय. कोस्टा रिकाचा जॉनी अकोस्टा नेमारच्या अंगावर खेळला आणि त्याच वर्षी कोलकात्याला येऊन ईस्ट बंगालकडून खेळला असं मी बोललो तर पोरं हसायला लागली. खरं काय ते छापा. आणि आला असेल तर पेन्शन खायलाच आला होता ना? (एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर: पैजेचे पैसे आधी वसूल करा, मग पुढचं वाचा. २२ जून २०१८ ला सेंट पीटर्सबर्गमधे ब्राझीलविरुद्ध कोस्टा रिकाच्या पाच जणांच्या डिफेन्समधे अकोस्टा होता, नव्वद मिनिटं ०-० धरून ठेवलं बिचाऱ्यांनी, आणि मग इंज्युरी टाइममधे आधी कुटिन्यो आणि नंतर नेमार, दोन गोल. त्यानंतर अडीच महिने पण झाले नव्हते, २ सप्टेंबरला हाच माणूस सॉल्ट लेक स्टेडियमवर लाल-पिवळ्या जर्सीत मोहन बागानसमोर उभा. पहिलीच मॅच आणि ती पण डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन कट्टर टीमची, कलकत्ता लीगमधली! ईस्ट बंगाल ०-२ ने मागे होतं, हाफटाइमच्या तोंडावर अकोस्टानेच गोल मारला, पुढे राल्टेने दुसरा मारून २-२ केलं. स्टॉपर (डिफेन्सच्या मधोमध खेळणारा) येतो काय, पहिल्याच डर्बीत गोल काय मारतो, बंगाली माणूस त्याला डोक्यावर घेणारच.

आता पेन्शनचं. वय ३५ होतं, ते काही लपून नाही, आणि आपल्याकडे थकलेली नावं मोठ्या पैशात येऊन जॉगिंग करून गेलेली आपण पाहिलीत त्यामुळे तुमच्या मित्रांना शंका आली तर त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतरच्या आय-लीगच्या (देशपातळीवरच्या लीगच्या) सीझनमधे ईस्ट बंगालने मोहन बागानला दोन्ही वेळा हरवलं, ३-२ आणि २-०, आणि लीग गेली ती फक्त एका पॉइंटने, चेन्नई सिटी ४३ आणि हे ४२. शेवटच्या दिवशी दोघंही जिंकले म्हणून, नाहीतर कप कोलकात्यातच राहिला असता. पेन्शनर माणसाच्या टीमचा हिशोब असा नसतो हो.

आणि मुळात हा कुठल्या शाळेतून आला ते बघा ना. २०१४ च्या ब्राझील वर्ल्ड कपमधे कोस्टा रिकाच्या ग्रुपमधे उरुग्वे, इटली, इंग्लंड, तिन्ही माजी वर्ल्ड चॅम्पियन, यांना पहिल्या फेरीतच घरी जाणार म्हणून सगळ्यांनी आधीच मोडीत काढलं होतं. यांनी उरुग्वेला ३-१, इटलीला १-० हरवलं, इंग्लंडशी ०-० केलं आणि ग्रुपमधे पहिले आले. कोच होर्गे लुईस पिंटो, कोलंबियाचा, मागे पाच जण आणि ऑफसाइडची लाइन अशी की समोरचे फॉरवर्ड वैतागून जायचे. पाच मॅचमधे गोल खाल्ले फक्त दोन (शूटआउट सोडून). ग्रीसच्या मॅचमधे ऑस्कर दुआर्तेला रेड कार्ड मिळालं म्हणून क्वार्टर फायनलला अकोस्टा सुरुवातीपासून आत आला, समोर नेदरलँड्सचे रॉबेन, व्हान पर्सी, स्नायडर. १२० मिनिटं ०-०! मागे गोलकीपर केलोर नवास भिंतीसारखा होता हे कबूलच, पोस्टनेही मदत केली, पण तरीही. शेवटी नेदरलँड्सने पेनल्टीवर ४-३ ने घेतली मॅच.

प्रश्न: ६-० ने हरत असताना एक गोल केला म्हणून रडत-नाचत सुटायचं? पनामावाल्यांचं मला कधीच कळलं नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: तुम्ही म्हणताय ती २४ जून २०१८ ची निझनी नोवगोरोदची इंग्लंडची मॅच. हाफटाइमलाच ५-० झालं होतं. गोल केला फेलिपे बालॉयने, तोही डिफेंडरच, वय ३७, बदली म्हणून आलेला. ७८ व्या मिनिटाला आविलाची फ्री किक आणि याने घसरत पाय लावला, पनामाचा वर्ल्ड कपमधला पहिला गोल. बालॉय कोलंबिया, ब्राझील, मेक्सिको असं फिरत खेळला, सांतोस लागुनाबरोबर २०१२ ला मेक्सिकोची लीग जिंकला आणि फायनलमधे हरवलं कुणाला, तर त्याच्याच जुन्या क्लबला, मॉन्टेरेला. पण देशासाठी वर्ल्ड कप काही हाताला लागत नव्हता. २०१३ ला पनामा अमेरिकेविरुद्ध २-१ ने पुढे, वर्ल्ड कपचा प्लेऑफ पक्का, आणि इंज्युरी टाइममधे दोन गोल खाल्ले. चार वर्षांनी रोमान तोरेसच्या गोलने (हा पण स्टॉपर बरं का!) एकदाचे पोचले तर राष्ट्राध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी सुट्टीच देऊन टाकली. एवढं सगळं मागे असल्यावर माणूस नाचणार नाही तर काय करणार? मी तर टीव्हीसमोर उभा राहिलो होतो, घरच्यांना वाटलं इंग्लंडचा सातवा झाला. त्या वर्ल्ड कपनंतर बालॉयने देशाची जर्सी उतरवली.

प्रश्न: मी नववीत आहे. स्टॉपर खेळतो पण उंची कमी आहे म्हणून कोच विंगवर टाकतात. काय करू? (एक विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर: अकोस्टा पण स्टॉपरच्या मानाने बुटकाच होता रे बाळा. यूट्यूबवर त्याच्या मॅचेस बघ, बॉल हवेत असताना तो कुठे उभा असतो ते बघ, उडी नंतर. आणि कोचशी भांडू नकोस, थोडे दिवस विंगवर पळ, स्टॅमिना वाढेल.