न्यूयॉर्कमधील मुष्टियुद्धाचा निकाल कोण देत असे?

प्रश्न : आमच्याकडे जत्रेच्या मैदानात मोठ्या इनामाची कुस्ती निकाली न होता बरोबरीत सोडवली, की प्रेक्षक नाराज होतात. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात मात्र एकेकाळी मुष्टियुद्धाला परवानगी असूनही विजेता जाहीर करण्यास मनाई होती, असे वाचनात आले. हे खरे आहे काय? असल्यास त्यामागे हेतू काय होता?
— एक वाचक, पलूस (जि. सांगली)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. १९११ ते १९१७ या काळात न्यूयॉर्क राज्यात फ्रॉली कायदा लागू होता आणि त्याच्या अमलात लढत जास्तीत जास्त दहा फेऱ्यांची असे. तेवढ्यात एखादा गारद झाला तर प्रश्नच नव्हता; पण दोघेही अखेरपर्यंत उभे राहिले, तर गुणांवर कोणाला विजयी ठरवण्याची मुभा रेफरीला नव्हती. हेतू जुगाराला आळा घालण्याचा होता. पैजा निकालावर लागतात, तेव्हा निकालच नसला तर पैज लागणार नाही आणि रेफरीला फितवण्याचे कारणही उरणार नाही, असा तो हिशेब होता.

प्रत्यक्षात झाले असे, की रिंगणाभोवती बसलेले वार्ताहरच विजेता ठरवू लागले, दुसऱ्या दिवशी ते वृत्तपत्रात छापून येऊ लागले आणि पैजांचे पैसे त्या मजकुरावर चुकते होऊ लागले. एका पत्राने एकाला जिंकवावे आणि दुसऱ्याने त्याच्या प्रतिस्पर्ध्याला, असेही घडे. त्या काळातील मुष्टियोद्ध्यांच्या कारकिर्दीचे तक्ते पाहिले, तर ‘निकाल नाही’ अशा नोंदींची रांगच लागलेली दिसते. चंगळ झाली ती विजेतेपद आधीच हाती असलेल्यांची, कारण गारद झाल्याखेरीज त्यांचे पद सहसा जात नसे आणि दहा फेऱ्या अंग राखून काढल्या की काम भागत असे.

या कायद्याआधीचा इतिहासही धरसोडीचा आहे. अमेरिकेत असे विषय राज्यांच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे एका राज्यात गुन्हा ठरणारी लढत शेजारच्या राज्यात तिकीट लावून होऊ शके. न्यूयॉर्कने १८५९ मध्ये इनामी मुष्टियुद्धावर बंदी घातली. १८९६ च्या हॉर्टन कायद्याने हातमोजे घालून, क्रीडासंस्थांच्या इमारतीत लढण्यास परवानगी दिली आणि कोनी आयलंड येथे जगज्जेतेपदाच्या लढती होऊ लागल्या. १९०० मध्ये लुईस कायद्याने ती परवानगी काढून घेतली. त्या वेळचे गव्हर्नर थिओडोर रूझवेल्ट हे स्वतः हार्वर्डमध्ये विद्यार्थी असताना मुष्टियुद्ध खेळलेले होते. परंतु पैजा आणि लबाडी यांनी हा धंदा नासला आहे, असे त्यांचे मत झाले होते.

बंदीतही पळवाट निघालीच. खासगी क्लबाच्या सभासदांपुरत्या लढती चालत, म्हणून प्रेक्षकाला दारातच पैसे घेऊन त्या रात्रीपुरते सभासद करून घेत आणि लढणाऱ्या दोघांनाही सभासद दाखवत. चित्रकार जॉर्ज बेलोज यांनी १९०९ मध्ये अशा एका लढतीचे चित्र काढले आणि त्याला ‘दोघेही याच क्लबाचे सभासद’ अशा अर्थाचे नाव दिले. कायद्याची इतकी नेमकी थट्टा अग्रलेखांनाही क्वचितच साधते.

१९१७ मध्ये फ्रॉली कायदाही रद्द झाला. मात्र पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने प्रशिक्षणात मुष्टियुद्धाचा वापर केल्याने लोकांची दृष्टी बरीच बदलली होती. राज्याच्या सिनेटमधील जेम्स वॉकर यांनी नवे विधेयक आणले आणि गव्हर्नर अल स्मिथ यांनी २४ मे १९२० रोजी त्यावर सही केली. हेच वॉकर पुढे न्यूयॉर्क शहराचे महापौर झाले. त्यांच्या कायद्याने पंधरा फेऱ्यांपर्यंतच्या लढतींना आणि गुणांवर निकाल देण्यास मान्यता दिली. शिवाय लढतीच्या वेळी डॉक्टर हजर असणे बंधनकारक केले.

आमच्या मते या कायद्याचा खरा कणा परवान्यांत होता. मुष्टियोद्धा, त्याचा व्यवस्थापक, रेफरी, पंच, लढत भरवणारा ठेकेदार, अशा सर्वांना राज्याच्या आयोगाकडून परवाना घ्यावा लागे. लबाडी न्यायालयात सिद्ध करणे अवघड असते. परवाना निलंबित करणे त्या मानाने सोपे, आणि परवाना गेला की रोजी बुडाली. लबाडी यामुळे संपली असे मुळीच नाही, पण जाब कोणाला विचारायचा हे तरी ठरले. इतर अनेक राज्यांनी हाच नमुना उचलला. १९२३ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जॅक डेम्प्सी आणि अर्जेंटिनाचा लुईस फिर्पो यांची जगज्जेतेपदाची लढत पाहायला ऐंशी हजारांच्या आसपास लोक जमले होते.

जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. कुस्ती, ठोसे आणि लाथा या सर्वांना मुभा असलेल्या मिश्र युद्धकलेच्या व्यावसायिक लढतींवर याच राज्याने १९९७ मध्ये बंदी घातली आणि ती उठवली २०१६ मध्ये, अमेरिकेतील इतर सर्व राज्यांनंतर.