भाड्याच्या वन बीएचकेला 25 हजारात जुन्या वस्तूंनी रेट्रो लुक कसा द्यायचा?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात भाड्याचा वन बीएचके आहे, मालक भिंतीला एक खिळा ठोकू देत नाही, बजेट 25 हजार, आणि घराला आजोळच्या घरासारखा जुना फील हवाय पण ऑनलाइन रेट्रो म्हणून जे विकतात ते महागही आहे आणि खोटंही वाटतं. तर आधी ते ऑनलाइन बघणं बंद करा. 25 हजार या कामाला पुरतात, फक्त त्यातले निम्मे एकाच चांगल्या लाकडी वस्तूवर घाला आणि बाकीचं जमेल तेवढं फुकट नाहीतर वजनावर मिळवा. मी बरीच वर्षं जुन्या बाजारांत फिरतेय, घरातलं बहुतेक सामान तिथलंच आहे, आणि माझं ठाम मत आहे की जुनी वस्तू रोजच्या वापरात असेल तरच घर छान दिसतं. नुसती मांडून ठेवली की धूळ खाते आणि थोड्या दिवसांनी आपलंही तिच्याकडे लक्ष जात नाही.

फुकटचं आधी बघू. आई, आत्या, मावशी, ज्यांची ज्यांची घरं रिडेव्हलपमेंटला चाललीत त्या सगळ्यांना आत्ताच फोन करा, कारण शिफ्टिंगच्या धांदलीत माळ्यावरचं सगळं भंगारवाल्याकडे जातं आणि मग हळहळून काही होत नाही. पितळी डबे, चिनी मातीच्या बरण्या, पाट, चौरंग, घंगाळ, लोखंडी ट्रंक, घडवंची, जे मिळेल ते घ्या. मला यात घडवंची सगळ्यात आवडते. पूर्वी तिच्यावर पाण्याने भरलेले हंडे कळशा असायच्या त्यामुळे दणकट असते, आता पलंगाशेजारी ठेवली की पुस्तक, चष्मा, तांब्याभांडं सगळं बसतं. ट्रंकेवर जाड गादी टाकली की खिडकीतली बैठक तयार, आत जास्तीची पांघरुणं. मागताना "शोभेला हवंय" म्हणू नका, "वापरणारे" म्हणा, मग माणसं मनापासून काढून देतात, वर त्या वस्तूची गोष्टही सांगतात.

आता विकतचं. मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट, तिथली जुन्या वस्तूंची दुकानं शुक्रवारी बंद असतात तेव्हा तो वार सोडून जा. फर्निचरसाठी जोगेश्वरीचं ओशिवरा मार्केट. पुण्याला येणंजाणं असेल तर मंगळवार पेठेतला जुना बाजार, रविवारी आणि बुधवारी भरतो, सकाळी लवकर गेलात तर निवडायला मिळतं. शिवाय जुने वाडे पाडले की त्यातलं सागाचं लाकूड, दारं, खिडक्यांच्या चौकटी वखारीत येतात, तिथेही चक्कर मारा. या सगळ्या ठिकाणी खरं जुनं आणि नवीन बनवून जुनं दाखवलेलं असं दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेलं असतं. नवीन घेण्यात वाईट काही नाही, पण मग पैसे नव्याचेच द्या.

ओळखायचं कसं, तर कपाट किंवा टेबल पुढून बघूच नका. खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. जुन्या कामात खणाचे कोपरे खिळ्यांनी नाही, एकमेकांत अडकवलेल्या दातांनी जोडलेले असतात, आणि हाताने केलेलं असेल तर ते दात सगळे अगदी सारखे नसतात. तळाची फळी आणि मागची बाजू बिनपॉलिशची, काळवंडलेली दिसली पाहिजे, तिथेही पुढच्यासारखाच चकचकीत चॉकलेटी रंग मारलेला असेल तर काहीतरी लपवलंय असं समजा. खण सरकून सरकून त्याच्या खालच्या कडा झिजलेल्या असतात, ती झीज मुद्दाम करायला कोणी बसत नाही. मग पाय तपासा, बारीक भोकं असली म्हणून लगेच सोडू नका, भोकं जुनी असू शकतात, पण वस्तू ठोकल्यावर त्यातून पिवळट ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे, ती वस्तू घरी आणू नका, कारण ती तुमच्या सामानाबरोबर मालकाच्या दारांच्या चौकटीही खाईल. वाळवीने आतून पोखरलेलं असेल तर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येतो आणि चावीचं टोक सहज आत जातं.

वेताची खुर्ची घेणार असाल तर जाळी फाटलेली असली तरी चालेल, स्वस्त पडते, फक्त बैठकीची चौकट नीट बघा. कडेने भोकं भोकं असतील तर ती हाताने विणावी लागते आणि विणकराची मजुरी बऱ्यापैकी असते. भोकांऐवजी सलग खाच असेल तर रोलमध्ये मिळणारी तयार जाळी भिजवून त्या खाचेत ठोकून बसवता येते, म्हणजे बराच खर्च वाचतो. दुकानदार हा फरक स्वतःहून सांगत नाही पण भाव करताना तुम्हाला याचाच उपयोग होतो.

आणि प्लीज, चांगल्या सागावर रंग मारू नका, हल्ली व्हिडिओत बघून लोक शिसवी खुर्चीला सुद्धा खडूसारखा पांढरा रंग फासतात, मला बघवत नाही. आधी 120 चा पॉलिश पेपर, मग 220, शेवटी 320, सगळे लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासायचे, आणि चपडा लाख (शेलॅक) स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ पातळ हात द्यायचे. स्पिरिट पटकन पेट घेतं म्हणून हे काम गॅसपासून लांब, बाल्कनीत करायचं. मात्र या पॉलिशवर गरम चहाचा कप ठेवला की पांढरा डाग उठतो, तेव्हा खाली काहीतरी ठेवत जा. त्यासाठी पाडलेल्या इमारतींमधल्या नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या कुठे सुट्या मिळाल्या तर चार घेऊन ठेवा, गरम भांड्याखाली, कुंडीखाली, कुठेही चालतात.

निम्मे पैसे कशावर, असं विचाराल तर माझं मत सागवानी जाळीच्या कपाटाला. हॉलमध्ये ठेवलं तर पुस्तकं, स्वयंपाकघरात ठेवलं तर डबे, आणि घर बदललं की बरोबर येतं. ते नाही जमलं तर पायाने चालवायच्या शिवणयंत्राचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, स्टँड शोधा, वर जाड फळी बसवली की लॅपटॉपचं टेबल होतं, पण उचलायला दोन माणसं लागतात हे धरून टेम्पो ठरवा.

पितळेसाठी खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वरून नुसता मुलामा. दुकानदार नगावर भाव सांगतो, भंगारवाला वजनावर देतो, म्हणून आधी त्या दिवशीचा पितळेचा मोडीचा भाव विचारून घ्या आणि मग घासाघीस करा. पोचे आलेलं तांब्याचं भांडं स्वस्तात मिळालं तर जरूर घ्या, पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत अजून हाताने मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोके देऊन भांडं घडवायचं काम, करणारे कारागीर आहेत, ठोकून सरळ करून देतात. स्वयंपाकाला वापरायचं तर कल्हई करून घ्याच, नुसतं झाड ठेवायचं तर नको. घासायला चिंच आणि मीठ पुरतं, आणि दर आठवड्याला लखलखीत केलंच पाहिजे असं काही नाही, थोडा काळसर रंग चढला की मला जास्त आवडतो.

कापडात सगळ्यात कमी पैसे जातात. आईच्या विरलेल्या इरकलीचे काठ आणि पदर अजून धड असतात, त्यातून उशांचे अभ्रे शिवून घ्या, जोडीला चोळीच्या खणाचा एखादा तुकडा. सोफा नसेल तर घेऊ नका, गादी, लोड, तक्के आणि खाली सतरंजी, सोफ्यापेक्षा जास्त माणसं बसतात.

खिळ्याचा प्रश्न सोपा आहे. एकच मोठी फ्रेम घ्या आणि कपाटावर भिंतीला टेकवून उभी करा, खाली घसरू नये म्हणून रबराचे छोटे तुकडे. रविवर्म्याची जुनी चित्रं म्हणून बाजारात खूप काही विकतात. त्यांचा छापखाना 1894 चा, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथली अस्सल प्रत तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही. भिंग लावून बघा, एकसारख्या ओळीत बारीक रंगीत ठिपके दिसले तर ती अलीकडची ऑफसेटची छपाई. त्यापेक्षा घरातलाच आजीआजोबांचा फोटो मोठा करून जुन्या लाकडी फ्रेममध्ये घाला. कोणाकडे रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक असेल तर तेही फ्रेम करण्यासारखं आहे, 1980 च्या दशकापर्यंत रेडिओ ठेवायला पोस्टात फी भरावी लागायची, आजच्या मुलांना हे खरंच वाटत नाही.

रेडिओवरून आठवलं, जुना व्हॉल्व्हचा रेडिओ मिळाला तर लगेच प्लगला लावू नका. आत 200 व्होल्टच्या वर दाब असतो आणि वायरचं आवरण वाळून तडकलेलं असतं, आधी जाणकाराकडून तपासून घ्या. जुन्या टेबल लॅम्पचंही तेच, वायर, होल्डर आणि प्लग नवीन टाकायचे, हा खर्च वाचवू नका. त्यात 2700 केल्विनचा पिवळा एलईडी लावा. लाकूड आणि पितळ पांढऱ्या ट्यूबलाइटखाली अगदी मरगळलेलं दिसतं, तेच पिवळ्या उजेडात उठून येतं, म्हणून बाकी काही घ्यायच्या आधी दोन लॅम्प घेतलेत तरी हरकत नाही.

लाकडी वस्तू पसंत पडली की पैसे द्यायच्या आधी खणाच्या तळाचा आणि मागच्या बाजूचा फोटो इथे खाली टाका, बघून सांगते.