युलियाने शेंक ही नुसती 'सायनाने हरवलेली जर्मन प्लेयर' होती का?

तुम्ही विचारलंय की 2012 च्या डेन्मार्क ओपन बॅडमिंटनच्या फायनलमध्ये सायना नेहवालसमोर होती ती जर्मन मुलगी नक्की कोण, आणि तिचं करिअर काही खास होतं का. आपल्याकडे बहुतेकांना ती त्या एका मॅचमुळेच माहितीये, 21-17, 21-8 असा सरळ निकाल लागला, त्यामुळे वाटतं की सोपी होती. अजिबात नव्हती हो. मी तिचा फॅन आहे, त्यामुळे जरा लांब लिहितोय.

युलियाने शेंक, जन्म 1982, क्रेफेल्डची. पहिली गोष्ट म्हणजे ती सुरुवातीला सिंगल्ससाठी ओळखली जायचीच नाही. 2004 ला अथेन्स ऑलिम्पिक खेळली ते डबल्समध्ये, निकोल ग्रेटरबरोबर. कारण तेव्हा जर्मनीच्या सिंगल्समध्ये शू ह्वाईवेन होती, मूळची चीनची, दोन वर्ल्ड ब्रॉंझ आणि दोनदा युरोपियन चॅम्पियन. तिच्या पुढे जाणार कोण? 2006 ला जर्मनीच्या बायका उबर कपच्या (म्हणजे बायकांच्या टीम वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या) सेमीफायनलपर्यंत गेल्या, ती टीम खरंच भारी होती, पण सिंगल्समध्ये मुख्य नाव शूचंच. शेंकचे सिंगल्समधले मोठे दिवस आले ते शू बाजूला झाल्यावर, म्हणजे वयाच्या सत्तावीस-अठ्ठावीसला, जेव्हा बाकीच्यांचे गुडघे बोलायला लागतात.

आणि मग बघा. 2010 मँचेस्टर, युरोपियन फायनल, हरली डेन्मार्कच्या टीने बाऊनकडून. 2011 ला लंडनमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्रॉंझ. 2012 युरोपियन, कार्लस्क्रोनाला, परत फायनल आणि परत बाऊनच. त्याच स्पर्धेत मेन्स सिंगल्स तिच्याच देशाच्या मार्क झ्वीबलरने जिंकलं, म्हणजे तिला कसं वाटलं असेल विचार करा. पण दोनच महिन्यांनी सिंगापूर ओपन, सुपर सिरीज (तेव्हाच्या मोठ्या स्पर्धांची मालिका), तिथे तैवानच्या चेंग शाओ-चिएहला फायनलमध्ये हरवून टायटल घेतलं!! माझ्या मते तिच्या करिअरचा सगळ्यात मोठा आठवडा तोच. पुढे लंडन ऑलिम्पिकला मात्र मेडल नाही, आणि तेही जिथे वर्षभरापूर्वी ब्रॉंझ घेतलं होतं त्याच वेम्बली अरेनात. मला हे अजून लागतं.

तो काळ पण लक्षात घ्या. वांग यिहान, वांग शिन, ली श्वेरुई, लंडन ऑलिम्पिकच्या सेमीफायनलमध्ये चारपैकी तिघी चीनच्या आणि चौथी आपली सायना. त्या गर्दीत युरोपातली बाई पहिल्या पाचात येऊन बसते, तेही तिशीत, ही सोपी गोष्ट नाही.

2013 एप्रिलला दिल्लीला इंडिया ओपनच्या फायनललाही ती होती, थायलंडच्या रॅचनॉक इंतानोनसमोर. पहिला गेम 22-20 गेला, दुसरा 21-14. रॅचनॉक तेव्हा फक्त 18 ची होती आणि त्याच ऑगस्टमध्ये ती वर्ल्ड चॅम्पियन झाली, म्हणजे शेंक कुणाकडून हरली ते बघा.

आता माझं कारण सांगतो. 2013 लाच आयबीएल (इंडियन बॅडमिंटन लीग) झाली ना, तेव्हा ती आपल्या पुणे पिस्टन्सकडे होती, आणि मी बालेवाडीला जाऊन तिला प्रत्यक्ष पाहिलं. टीव्हीवर कळत नाही पण कोर्टाजवळ बसलं की कळतं ती किती जोरात मारते, नेटवर टिपटिप करत बसायचं नाही, शटल वर मिळालं की सरळ अटॅक. पॉइंट घेतला की मूठ आवळून ओरडायची, आमच्या शेजारी बसलेली छोटी पोरं पण तिच्यासारखंच ओरडायला लागली. त्या सीझनमध्ये सायनाने तिला परत हरवलं, पण मॅच तिसऱ्या गेमपर्यंत गेली होती (तिसरा गेम 11 पॉइंटचाच असायचा तिकडे), आणि मी पुण्याचा असून तेव्हा कुणाच्या बाजूने ओरडावं हे खरंच कळत नव्हतं.

त्यानंतर ती फार काळ खेळलीच नाही, टॉपला असतानाच थांबली. तुम्हाला तिची एकच मॅच बघायची असेल तर डेन्मार्कची नको, दिल्लीचा तो 22-20 वाला गेम बघा.