पहिल्या ट्रॅक डेसाठी: आधी ब्रेक बघ

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या रेस ट्रॅकवर ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला, पहिल्यांदा गाडी नेतोयस, मस्तच! नवे एक्झॉस्ट, रुंद टायर यांवर आत्ता पैसे घालू नकोस. स्टॉक गाडी, म्हणजे कंपनीतून आली तशी, पुरते.

खरा खर्च ब्रेकवर कर. जुन्या ब्रेक ऑइलने ओलावा शोषलेला असतो. चार-पाच लॅपमध्ये ते उकळतं, पेडल मऊ होऊन खाली जातं. आठवड्याभरात ताजं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) भरून घे, ब्रेकच्या नळ्यांतली हवा नीट काढायला सांग. पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर बदल.

बाकी थोडक्यात:
- व्हील नट टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळायचा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळ, पहिल्या सेशननंतर पुन्हा तपास.
- टायर तापले की हवेचा दाब वाढतो; ट्रॅकवरून बाहेर आल्या आल्या मोज.
- ड्रायव्हरचं फ्लोअर मॅट, बाटल्या, सुटं सामान बाहेर.
- फुल-फेस हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, भरपूर पाणी. चेन्नईचा उकाडा दमवतो.

नवखे हमखास उशिरा ब्रेक मारतात आणि वळणातही दाबून धरतात. तू सरळ रेषेतच वेग उतरव, नजर वळणाच्या बाहेर पडायच्या जागेवर ठेव. शेवटचा लॅप सावकाश मार. पार्क केल्यावर हँडब्रेक ओढू नकोस, तापलेले पॅड डिस्कला चिकटतात; गिअरमध्ये ठेव. हील-अँड-टो, म्हणजे गिअर उतरवताना एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबणं, नंतर बघू.