रेचलचा राग येतोय, पुस्तक परत देऊन टाकू का?

प्रश्न : ताई, मी रोज चिंचवडहून शिवाजीनगरला लोकलनं जाते आणि सध्या गाडीत ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ वाचतीये, मैत्रिणीनं दिलंय. शंभरेक पानं झाली पण ती रेचल मला सहनच होत नाहीये. नोकरी गेलीये तरी रोज ट्रेननं लंडनला जाते, पिते, घटस्फोट झालेल्या नवऱ्याला रात्री-बेरात्री फोन करते आणि सकाळी काही आठवत नाही. वाटतं आता तरी सुधारेल, की परत तेच. सगळे म्हणतात भारी सस्पेन्स आहे, मला नुसता संताप येतो. खरं सांगू का, माझे मोठे काका असेच होते, त्यामुळेही असेल. पुढे वाचू की परत देऊ?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : राग येतोय ना, येऊ दे. पॉला हॉकिन्सनं 2015 च्या या कादंबरीत रेचलला मुद्दाम अशीच ठेवलीये, कारण एकदा का आपण तिला वैतागलो की तिच्याबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी आपल्याला पटकन पटतं, आणि खरा सस्पेन्स मला तिथेच वाटतो. रेचलला ट्रेनमधून दिसणारी ती मेगन कुठे गेली हे तर आहेच, पण जिच्या तोंडून आपण ऐकतोय तिलाच त्या शनिवारची रात्र आठवत नाहीये!

हे ब्लॅकआऊटचं नीट समजून घ्या, मग वाचायला मजा येते. भराभर खूप दारू पोटात गेली की मेंदूतला आठवणी साठवणारा भाग, हिप्पोकॅम्पस, काम नीट करत नाही. माणूस चालतो, बोलतो, भांडतोसुद्धा, पण त्यातलं बरंचसं साठवलंच जात नाही, मग नंतर कितीही डोकं खाजवलं तरी आठवणार कुठून? कधीकधी तुकडे परत येतात तेवढेच. आणि मधली रिकामी जागा दुसऱ्यांच्या सांगण्यानं भरते. म्हणून रेचलनं काय काय केलं हे तुम्हाला कुणाकडून कळलं, तिला स्वतःला कुणाकडून कळलं, ते फोनमध्ये टिपून ठेवा (पुस्तक मैत्रिणीचंय, त्यात नको). आणि प्रकरणांवरच्या तारखा बघत चला, मेगनचं सांगणं रेचलच्या वर्षभर आधीपासून सुरू होतं, घाईत वाचलं की तिथेच गोंधळ होतो.

काकांचं मात्र वेगळं आहे हो. दुसऱ्यांच्या सांगण्यावर शंका घ्यायचा पुस्तकातला हा धागा त्यांना लावू नका, घरच्यांनी जे सोसलेलं असतं ते खरंच असतं. वाचताना छातीत धडधडायला लागलं, जुनं सगळं वर यायला लागलं तर सरळ मिटून ठेवा, अजिबात वाईट वाटून घेऊ नका. आणि घरात आजही कुणाचा हा त्रास चालू असेल तर आपल्या पुण्यातच येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 साली सुरू केलेलं, तिथे पिणाऱ्याच्या घरच्यांशीही बोलतात. एकदा जाऊन या.

पण तसं काही होत नसेल, नुसता रागच येत असेल, तर प्लीज सोडू नका. रेचलच्या आधीच्या नवऱ्याची आताची बायको अ‍ॅना, तिच्या तोंडून रेचल कशी दिसते तिथपर्यंत तरी वाचाच. आणि पूर्ण झालं की मला लिहा, तुम्ही सगळ्यात आधी कुणाच्या शब्दावर विश्वास टाकला होता ते मला ऐकायचंय.